आई गप्प आहे, रागावलेली नाही

ताई, नमस्कार.

मी ३९ वर्षांची. डोंबिवलीत टू बीएचकेत राहते. घरात नवरा, सासूबाई (वय ७२), नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचे जुळे मुलगे. अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो. संध्याकाळी सव्वासातला घरात पाऊल टाकते तेव्हा मुलग्यांच्या सोफ्यावरून उड्या चाललेल्या असतात, टीव्हीवर सासूबाईंची मालिका, नवरा मुलांचा घोडा झालेला आणि आत स्वयंपाकाच्या मावशींचा मिक्सर. पाच मिनिटांत माझं डोकं भणभणायला लागतं. मग मी आतल्या खोलीत दार लोटून कपड्यांच्या घड्या घालते. कधी कधी घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालते.

माहेर गुहागरजवळ. मी एकुलती. वडील शिक्षक. संध्याकाळी पडवीत ते पेपर वाचायचे, आई भाजी निवडायची, मी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसायचे. तास तास कुणी बोलायचं नाही आणि कुणाला त्याचं काही वाटायचंही नाही. सासरी सगळे बोलके. सासूबाई प्रेमळ आहेत, पण पाहुण्यांसमोर "आमची सून जरा घुमीच आहे" म्हणतात. नवरा म्हणतो, "मुलं आहेत, दंगा करणारच." मुलं त्याच्यावर जीव टाकतात. मुलगी अधूनमधून मी घड्या घालत असते तिथे येते, पलंगावर काही न बोलता बसते आणि उठून जाते. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "आई, आम्ही तुला आवडत नाही का?" मी "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलला. रात्रभर डोळा लागला नाही. मला स्वभाव बदलता येईल का? की मी आई व्हायलाच नको होतं?

– एक घुमी आई

*

प्रिय ताई,

तुमचे शेवटचे दोन प्रश्न आधी हातावेगळे करते. स्वभाव मुळापासून बदलत नाही आणि तुमच्या बाबतीत तो बदलायची गरजही दिसत नाही. दुसरा प्रश्न रात्री दोन वाजता पडणाऱ्या प्रश्नांपैकी आहे. त्याबद्दल शेवटी थोडं बोलू, कारण तो किती वेळा पडतो यावर बरंच अवलंबून आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. मी स्वतः अखंड बडबड करणारी बाई आहे, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या पार्टीतली. त्यामुळे खाली तुमची बाजू घेतलेली दिसली, तर ती आपल्यातली म्हणून घेतलेली नाही.

अंतर्मुख आणि बहिर्मुख या जोडीला मानसशास्त्रात जागा मिळाली ती स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१च्या मांडणीतून. पुढे त्यावर खूप काम झालं. त्यातला एक प्रयोग तुमच्या संध्याकाळच्या सव्वासाताला अगदी चपखल बसतो. १९८४ साली रसेल गीन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना एक शिकण्याचं काम दिलं आणि ते करताना कानावर पडणारा आवाज किती मोठा हवा हे त्यांनाच ठरवायला सांगितलं. अंतर्मुख मुलांनी लहान आवाज निवडला, बहिर्मुख मुलांनी मोठा. आपापल्या पसंतीच्या आवाजात दोघांचंही काम चांगलं झालं. मात्र अंतर्मुखांना बहिर्मुखांचा आवाज लावला तेव्हा त्यांचं काम बिघडलं. आणि बोलक्यांना शांतांच्या आवाजात बसवलं तर त्यांचंही बिघडलं, हे तुमच्या नवऱ्याला आवर्जून सांगा. तुम्ही रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या आवाजात काम करताय, म्हणून डोकं भणभणतं. मुलांवर माया कमी आहे म्हणून नाही.

आता घराकडे बघू, कारण माझ्या मते तुमचा निम्मा प्रश्न स्वभावाचा नसून आवाजाचाच आहे, आणि आवाजाला उपाय असतात. कौलारू घर आणि उघडी पडवी यांतून आवाज बाहेर निघून जातो. वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काचेची स्लायडिंग खिडकी आणि मोकळ्या भिंती असलेल्या हॉलमध्ये तो आपटत राहतो. म्हणजे तुमच्या माहेरच्या शांततेचं सगळं श्रेय माणसांना द्यायचं कारण नाही, थोडं घराच्या बांधणीलाही द्या. हॉलमध्ये जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, आणि मुलगे जिथे उड्या मारतात तिथे खाली जुनी गादी किंवा दोन गोधड्या. घर स्टुडिओ होणार नाही, पण फरक तुम्हाला त्याच दिवशी कळेल. खालच्या मजल्यावरच्यांनाही कळेल. मावशींना वाटण सातच्या आत आटपायला सांगा. एवढ्याशा गोष्टीसाठी बायका वर्षानुवर्षं मिक्सर सोसतात, कारण "सांगायचं कसं" हे ठरत नाही. सरळ सांगायचं.

आणि टीव्ही. एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाच्या १९११च्या सुमारास लक्षात आलं की आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. आजही त्याला लोंबार परिणामच म्हणतात. लग्नाच्या हॉलमधून घसा बसून घरी येतो ना आपण, तो हाच प्रकार. तुमच्या हॉलमध्ये टीव्ही मोठा, म्हणून मुलगे त्याच्यावर ओरडतात, म्हणून नवरा मुलांवर आवाज चढवतो, म्हणून सासूबाईंना मालिका ऐकू येत नाही, म्हणून त्या आवाज आणखी वाढवतात. या चक्रात "हळू बोला रे" असं ओरडून सांगणारी आई म्हणजे पाचवा आवाज. चक्र टीव्हीपाशी तोडायचं.

इथे मला एक शंका आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. टीव्हीचा आवाज त्या किती ठेवतात हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मुलं दुसऱ्या खोलीत असतानाही तो मोठाच असेल, त्या फोनवर "काय? काय?" करत असतील, तर कान तपासायला हवेत. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते आधी बारीक, उंच स्वरांत. बोलण्याचा आवाज येतो पण शब्द धड कळत नाहीत, आणि माणसाला वाटतं की टीव्हीच हळू आहे, लोकच पुटपुटतात. कानाच्या डॉक्टरांकडे श्रवणचाचणी होते, दुखत खुपत नाही, फार वेळही लागत नाही. कधी नुसता मळ निघतो, कधी यंत्र लागतं. हे मात्र तुम्ही सुचवायचं नाही. सुनेने "तुम्हाला ऐकू येत नाही" म्हणणं आणि मुलाने "आई, माझंही बीपी बघायचंय, चल दोघं जाऊन येऊ" म्हणणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि हो, तुमच्यासारखी हळू बोलणारी सून अशा कानांना सर्वांत आधी ऐकू येईनाशी होते. "घुमी" या शेऱ्यातला थोडा भाग कानांचा असू शकतो.

उरलेला भाग नवऱ्याने सांभाळायचा. पाहुण्यांसमोरचं ते वाक्य तुम्हाला लागतं हे खरं, पण माझा आक्षेप वेगळा आहे. ते मुलांच्या कानावर पडतं. आईत काहीतरी कमी आहे, असं मोठी माणसं हसत हसत बोलतात, हे नऊ वर्षांची मुलगी बरोबर टिपते. मुलाने आपल्या आईला एकदा शांतपणे "मुलांसमोर नको" म्हटलं की पुरे. त्यावर घरात सभा भरवू नका.

आता मुलीकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते तिचं येऊन बसणं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, जणू तो तुमच्या अपराधाचा आणखी एक पुरावा. मला तो तसा दिसत नाही. सगळं घर हॉलमध्ये धुडगूस घालत असताना ही पोर उठून आत येते, बोलत नाही, मागत नाही, बसते आणि जाते. ती तुमच्यासारखीच असावी असा माझा अंदाज आहे. तिलाही बाहेरचा आवाज पुरे होत असेल, आणि घरातला दुसरा शांत माणूस कुठे सापडतो हे तिला ठाऊक आहे.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५८ साली त्यांनी लिहिलं की एकटं राहता येण्याची ताकद मुलात येते ती कुणाच्या तरी सोबतीत. आई जवळ असते, काही मागत नाही, काही विचारत नाही, आणि मूल आपल्यात रमतं. हे ज्याला लहानपणी मिळालं त्याला पुढे एकटेपण खायला उठत नाही. गुहागरच्या पडवीत तुम्हाला हेच मिळालं होतं. तुम्ही ते मुलीला देताय, फक्त चोरून दिल्यासारखं देताय, दार लोटून, घड्यांच्या आड. त्यामुळे तिला ते भेट म्हणून पोचत नाही, नकार म्हणून पोचतं.

मोठ्या माणसांना गप्प चेहऱ्याचा अर्थ सवयीने लावता येतो. मुलं तो स्वतःवर घेतात. आई आली, पाच मिनिटांत तोंड मिटलं, दार लागलं, म्हणजे आपण काहीतरी केलं. त्यात तुमच्या घरात राग आणि आनंद दोन्ही मोठ्याने व्यक्त होत असणार, बोलक्या घरांत होतात, तेव्हा जिचा आवाजच नाही तिचं काय चाललंय हे ओळखायची मुलांना सोयच नाही. ही सोय तुम्ही करून द्यायची आहे, शब्दांत. एकदा नाही, बऱ्याचदा.

तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे, तेव्हा तिथून सुरुवात करा. समोर बसवून, हात हातात घेऊन वगैरे नको. तुम्ही दोघीही अवघडाल. शाळेची वेणी घालताना सांगा. मूल पाठमोरं असलं की कठीण बोलणं दोन्हीकडून सोपं जातं. असं काहीसं: "त्या दिवशी तू विचारलंस ना, तेव्हा मी उत्तर दिलं नाही. तुम्ही तिघंही मला खूप आवडता. मला खूप आवाज फार वेळ सहन होत नाही, डोकं दमतं, मग मी थोडा वेळ गप्प बसते. तेव्हा मी रागावलेली नसते. रागावले असेन तर मी तसं सांगेन." हे शेवटचं वाक्य गाळू नका, आणि पुढे ते पाळा. खरंच रागावलात की "आत्ता मी रागावलेय, तुम्ही दप्तरं दारात टाकलीत म्हणून" असं सांगायचं. कारणासकट. मग गप्प बसण्याला राग चिकटायचा थांबतो. ती बहुधा "बरं" एवढंच म्हणेल आणि रबरबँड पुढे करेल. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

पुढच्या वेळी ती पलंगावर येऊन बसली की "काय झालं?" विचारू नका. मोज्यांच्या जोड्या लावायला तिच्यापुढे सरकवा, किंवा तेही नको. बसू दे. एका बाबतीत मात्र जपा. अशा समंजस मुली आईच्या रखवालदार व्हायला बघतात. "गप्प बसा रे, आईला त्रास होतो" असं ती भावांना दटावायला लागली तर लगेच थांबवा. तुमच्या शांततेची राखण तुमची आणि तुमच्या नवऱ्याची, तिची नाही.

रोजच्या संध्याकाळचं काय? लोकलमधला वेळ हाच आपला स्वतःचा वेळ, असं कुणी सांगितलं तर त्याला संध्याकाळच्या डोंबिवली लोकलला लेडीज डब्यात एकदा उभं करा. तुम्ही सकाळपासून एक क्षणही एकट्या नसता. तेव्हा घरात आल्यावर तुम्हाला वेळ लागणार, आणि तो चोरून न घेता जाहीर करून घ्यायचा.

माझा सल्ला जरा उलटा वाटेल. आल्या आल्या आत जाऊ नका. चप्पल काढली, हातपाय धुतले की दहा मिनिटं जमिनीवर बसा. सोफ्यावर नको, तिथून उड्या चालू असतात. फोन पर्समध्येच राहू दे. पाच वर्षांच्या मुलांना तुमच्या तोंडच्या गप्पा लागत नाहीत. ती सांगतील, दाखवतील, अंगावर पडतील, तुम्ही बघायचं. बघणं तुम्हाला येतं, तुमच्या पत्रावरून ते कळतंच. ती दिवसभर ज्याची वाट बघतात ते त्या दहा मिनिटांत मिळालं, तर दाराशी येऊन धडका मारायची गरज बरीच कमी होते.

मग उठायचं आणि सांगायचं, "आजीची मालिका संपेपर्यंत मी आत. संपली की बाहेर." पाच वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही, मालिकेचं शेवटचं गाणं वाजलं की संपली हे पक्कं कळतं. दार लावा, लोटू नका. आत घड्या घालायच्या नाहीत. आडवं व्हा, पुस्तक वाचा, भिंतीकडे बघत बसा. आणि मालिका संपली की बाहेर या, मन भरलेलं नसलं तरी. पहिले काही दिवस दार वाजेल. "मालिका संपली की" एवढंच आतून म्हणायचं, चिडून नाही. तुम्ही रोज ठरल्या वेळी बाहेर येता हे एकदा अंगवळणी पडलं की दार वाजणं कमी होईल. जुळ्यांच्या बाबतीत "बंद होईल" म्हणायचं धाडस मी करणार नाही.

जुळ्यांचा आणखी एक गुण असा की ती एकमेकांना चढवतात. एकट्याला बाहेर नेलं तर तोच मुलगा निम्म्या आवाजात बोलतो. शनिवारी किंवा रविवारी भाजीला जाताना एकालाच न्या, पुढच्या वेळी दुसऱ्याला, मग मुलीला. तुम्हाला माणसं नकोशी नाहीत, एका वेळी एक हवीत. मेथीची जुडी निवडत, गवार किती दिली ते विचारत, पिशवीचा एक बंद त्याच्या हातात देऊन चालत घरी येणं यात तुमच्याशी ओळख व्हायला भरपूर वाव आहे. वाढदिवसाच्या पार्ट्या, खेळ घेणं, नाचणं हे सगळं नवऱ्याकडे. तुम्ही वेफर्स, समोसे वाढा आणि स्वयंपाकघरात राहा, कुणी हटकत नाही.

नवऱ्याबद्दल. "मुलं आहेत, दंगा करणारच" हे त्यांचं म्हणणं खरं आहे आणि मुलं त्यांच्यावर जीव टाकतात ही घराची पुण्याई आहे. तुम्हाला तिथे थोडी असूया वाटते, ती पत्रात दिसते, आणि वाटू दे. पण चढाओढ करू नका. घरात एक घोडा पुरे. त्यांच्याकडून मागायचं ते नेमकं मागा. "मला जरा वेळ दे" हे वाक्य बहुतेक नवऱ्यांच्या डोक्यावरून जातं. "रविवारी आठ ते दहा तिघांना घेऊन मैदानावर जा" हे जात नाही. त्या दोन तासांत माळा आवरायचा नाही, फ्रिज पुसायचा नाही. सासूबाई घरी असतील तर त्यांना आधीच चहा द्या आणि सांगा की तुम्ही वाचत बसणार आहात. एक-दोन रविवार विचित्र वाटेल सगळ्यांना.

आता तो रात्रीचा प्रश्न. मुलीच्या वाक्याने एक रात्र झोप उडणं स्वाभाविक आहे. पण "मी आई व्हायलाच नको होतं" हे रोज मनात येत असेल, शांत वेळ मिळूनही विश्रांती वाटत नसेल, पूर्वी आवडणारं पुस्तक हातात धरवत नसेल, झोप आठवडे आठवडे बिघडली असेल, मुलांवर हात उठत असेल किंवा मुलं माझ्याशिवाय बरी राहतील असं वाटत असेल, तर तो शांत स्वभाव नाही. ते नैराश्य असू शकतं, पालकपणाचा टोकाचा थकवा असू शकतो, कधी थायरॉइडसारखी शारीरिक तक्रारही निघते. स्वभाव तुमच्यासोबत गुहागरपासून आहे. हे सगळं अलीकडचं असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. बाहेर जाऊन बोलणं अवघड वाटत असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फोन नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. दार लावून, मालिका चालू असताना करण्यासारखा फोन आहे.

हे उत्तर नवऱ्याला वाचायला द्यायचं असेल तर जरूर द्या, विशेषतः रविवारचा परिच्छेद. सासूबाईंना मात्र कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यावरच दाखवा.